शून्य आणि कोरा रकाना

ज्याला परीक्षेंत शून्य गुण मिळाले तो विद्यार्थी, आणि ज्याचे गुण अद्याप कोणास ठाऊकच नाहींत तो विद्यार्थी, या दोघांत फार मोठा भेद आहे. पहिल्यानें पेपर लिहिला, तो तपासला गेला आणि त्याची किंमत शून्य ठरली. दुसऱ्याविषयीं कोणताच निर्णय झालेला नाहीं. पहिल्यास शिकवणीची गरज आहे. दुसऱ्याची आधीं चौकशी केली पाहिजे. हा भेद माणसास सहज कळतो. परंतु हल्लीं शाळा, बँका, इस्पितळें आणि सरकारी कचेऱ्या यांचीं दफ्तरें संगणकांत असतात, आणि संगणकास हा भेद स्पष्ट शब्दांनीं सांगावा लागतो. तो कसा सांगावा, आणि न सांगितल्यास काय अनर्थ होतो, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांनीं संगणकाचा विषय घेतला आहे त्यांस याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. आणि आपल्या मुलाचें नांव एखाद्या यादींत कां आलें नाहीं, हें त्यांच्या आईबापांसही कधीं कधीं यावरून उमगेल.

संगणकांतील दफ्तरास डेटाबेस म्हणतात. आजचे पुष्कळसे डेटाबेस ज्या पद्धतीवर चालतात ती एडगर कॉड या इंग्रज गृहस्थांनीं १९७० सालीं एका निबंधांत मांडली. ते त्या वेळीं अमेरिकेंत सॅन होझे येथें आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि दोन कोष्टकांचा संबंध त्यांतील समान मूल्यावरून जुळवावा, ही त्यांची मुख्य कल्पना. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एक भाषा सुचविली. तीच पुढें एस. क्यू. एल. या नांवानें प्रसिद्ध झाली, व १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण रूप ठरलें. या भाषेंत लिहिलेल्या प्रश्नास क्वेरी म्हणतात. प्रत्यक्षांत तिचे शब्द रोमन लिपींत लिहावे लागतात; येथें वाचकांच्या सोयीसाठीं ते देवनागरींत दिले आहेत.

एक लहानसें उदाहरण घेऊं. एका वर्गांत पांच विद्यार्थी आहेत असें समजा. त्यांचे हजेरी क्रमांक १ ते ५ 'विद्यार्थी' नांवाच्या कोष्टकांत आहेत. गणिताच्या सहामाही परीक्षेचे गुण 'गुणपत्रक' नांवाच्या दुसऱ्या कोष्टकांत पुढीलप्रमाणें आहेत :

क्रमांक १ : ७२
क्रमांक २ : ५४
क्रमांक ३ : ०
क्रमांक ४ : (कोरा)

क्रमांक ४ नें पेपर दिला आहे, पण त्याची उत्तरपत्रिका तपासून आलेली नाहीं. म्हणून त्याची ओळ आहे, परंतु गुणांचा रकाना कोरा आहे. क्रमांक ५ आजारामुळें परीक्षेस बसलाच नाहीं. म्हणून त्याची ओळच या कोष्टकांत नाहीं. क्रमांक ३ चें शून्य हें मात्र खरेंखुरें शून्य आहे.

कोऱ्या रकान्यास एस. क्यू. एल. मध्यें 'नल' म्हणतात. शून्य ही एक संख्या आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, तेव्हांपासून ती इतर संख्यांच्या पंक्तीस बसली आहे. नल ही संख्या नव्हे, आणि अक्षरही नव्हे; 'येथें मूल्य नाहीं' एवढीच ती खूण आहे. ७२ अधिक शून्य म्हणजे ७२. परंतु ७२ अधिक नल म्हणजे नलच. ज्यांत एक घटक अज्ञात, ती बेरीजही अज्ञात, हा न्याय उघड आहे.

आतां दोन कोष्टकें जोडून सर्व विद्यार्थ्यांचे गुण काढूं. नवशिका मनुष्य बहुधा असें लिहितो :

सिलेक्ट विद्यार्थी.क्रमांक, गुणपत्रक.गुण
फ्रॉम विद्यार्थी
जॉइन गुणपत्रक
ऑन विद्यार्थी.क्रमांक = गुणपत्रक.क्रमांक

उत्तरांत चारच ओळी येतात. साधा जॉइन हा दोन्ही कोष्टकांत ज्यांची जोडी जुळते त्यांसच घेतो; क्रमांक ५ ची जोडी नाहीं, म्हणून तो गळतो. संगणक 'चूक झाली' असें म्हणत नाहीं, कीं 'एक विद्यार्थी राहिला' असेंही सांगत नाहीं. यादी नीटनेटकी दिसते, आणि म्हणूनच ती फसवते. याचा उपाय एका शब्दाचा आहे. 'जॉइन' च्या जागीं 'लेफ्ट जॉइन' लिहावें. लेफ्ट म्हणजे डावें. ज्या कोष्टकाचें नांव आधीं लिहिलें त्याची प्रत्येक ओळ राखावी, आणि दुसऱ्या कोष्टकांत जोडी न सांपडल्यास तेथें नल भरावा, असा त्याचा अर्थ. मग पांचही विद्यार्थी येतात. क्रमांक ४ व ५ यांच्यापुढें नल असतो. (गुणपत्रकांत एखादा क्रमांक असून तो विद्यार्थ्यांच्या कोष्टकांतच नसेल, तर तीही विसंगति उघडकीस आणण्यास दोन्ही बाजू राखणारा 'फुल जॉइन' वापरावा.) या दोघांतील भेद पाहावयाचा असल्यास गुणपत्रकांतील क्रमांकाचा रकाना तपासावा. तोही नल असला तर ओळच नव्हती. तो भरलेला असून गुण तेवढे नल असले तर ओळ होती, पण गुण आलेले नव्हते.

एवढ्यानें काम संपलें असें मात्र समजूं नये. मुख्याध्यापकांनीं विचारलें, 'पस्तिसांपेक्षां कमी गुणांचे विद्यार्थी कोण?' तर 'व्हेअर गुण < ३५' या अटीनें एकटा क्रमांक ३ येतो. 'पस्तीस किंवा अधिक गुणांचे कोण?' असें विचारल्यास क्रमांक १ व २ येतात. दोन्ही याद्या मिळून तीनच झाले. वर्गांत तर पांच आहेत! याचें कारण असें कीं, एस. क्यू. एल. मध्यें विधानाचे दोन नव्हे, तीन निकाल असतात : खरें, खोटें आणि अज्ञात. पोलंडांतील तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनीं १९२० सालीं तीन मूल्यांचें तर्कशास्त्र मांडलें होतें. डेटाबेसांतील हा विचार त्याच जातीचा आहे. 'नल हा ३५ पेक्षां कमी आहे' हें विधान खरेंही नव्हे आणि खोटेंही नव्हे. तें अज्ञात आहे. आणि 'व्हेअर' ची अट केवळ खऱ्या ठरलेल्या ओळींसच आंत सोडते. अटीपुढें 'नॉट' लावून ती उलटी केली तरी अज्ञाताचें उलट अज्ञातच राहतें. इतकेंच काय, 'गुण = नल' असें विचारल्यासही कोणी येत नाहीं; कारण दोन अज्ञात गोष्टी सारख्या आहेत हें कोण सांगणार? त्यासाठीं 'गुण इझ नल' हा स्वतंत्र शब्दप्रयोग ठेवला आहे. त्यानें विचारलें म्हणजे क्रमांक ४ व ५ दोघेही सांपडतात.

लेफ्ट जॉइन लिहूनही तो नकळत मोडण्याचा एक प्रकार आहे, तो फार वेळां घडतो. गुणपत्रकांत सहामाही व वार्षिक अशा दोन्ही परीक्षांच्या ओळी असून आपणांस सहामाहीच्याच पाहिजेत, म्हणून शेवटीं कोणी असें लिहितो :

व्हेअर गुणपत्रक.परीक्षा = 'सहामाही'

क्रमांक ५ ची एकही ओळ नसल्यामुळें त्याच्यापुढें परीक्षेच्या रकान्यांतही नल असतो. नल म्हणजे 'सहामाही' काय? अज्ञात. म्हणून लेफ्ट जॉइननें राखलेला हा विद्यार्थी 'व्हेअर' नें पुन्हां बाहेर घालविला. तीच अट 'ऑन' च्या ओळींत 'अँड' नें जोडली, म्हणजे ती जोडी जुळवितांना लागूं पडते आणि विद्यार्थी कायम राहतो. डाव्या कोष्टकाची अट 'व्हेअर' मध्यें, उजव्याची 'ऑन' मध्यें, एवढें सूत्र अशा क्वेरीपुरतें लक्षांत ठेवावें.

सरासरीचाही विचार करूं. आपल्या पांच विद्यार्थ्यांची सरासरी संगणक ४२ सांगतो. ७२, ५४ व ० यांची बेरीज १२६. तिला तिहींनीं भागिलें. नल त्यानें हिशेबांतच धरले नाहींत. कोणी नलाच्या जागीं शून्य घातलें तर १२६ भागिले ५, म्हणजे २५.२ येतात. दोहोंत केवढें अंतर! वर्गाची प्रगति यांपैकीं कोणत्या आंकड्यावरून ठरवावी? ४२ हा आंकडा खरा आहे, पण तो तिघांचाच आहे, हें त्याच्याशेजारीं लिहिलें पाहिजे. मोजणीच्याही दोन तऱ्हा आहेत : 'काउंट' पुढें कंसांत तारका घातली तर ओळी मोजल्या जातात, व येथें उत्तर ५ येतें, रकान्याचें नांव घातलें तर त्यांतील भरलेलीं मूल्येंच मोजलीं जातात, व उत्तर ३ येतें. ग्रंथालयांतून कोणीं किती पुस्तकें नेलीं, हें लेफ्ट जॉइन व तारका वापरून मोजल्यास, एकही पुस्तक न नेणाऱ्याच्या नांवावर एक पुस्तक चढतें. कारण त्याची नलांनीं भरलेली एक ओळ असतेच. तेथें पुस्तकांच्या कोष्टकांतील एखादा सदैव भरलेला रकाना मोजावा.

नलाच्या जागीं दुसरें मूल्य घालण्यासाठीं 'कोअलेस' हा शब्द आहे. त्याला दिलेल्या मूल्यांपैकीं पहिलें नल नसलेलें मूल्य तो परत देतो. त्याचा योग्य उपयोग फीच्या हिशेबांत दिसतो. देणें ५०० रुपये आहे, आणि एकाही पावतीची नोंद नाहीं. पावत्यांची बेरीज मागितली तर संगणक शून्य न देतां नल देतो. मग ५०० वजा नल म्हणजे बाकी नल! ज्यानें कांहींच भरलें नाहीं, त्याच्याच बाकीचा रकाना कोरा. येथें 'कोअलेस(बेरीज, ०)' लिहावें, म्हणजे बाकी बरोबर ५०० येते. पावत्यांचें दफ्तर पुरें असेल, तर पावती नसणें म्हणजे शून्य रुपये भरणें, हें सत्यच आहे. परंतु तोच शब्द गुणांस लावून 'कोअलेस(गुण, ०)' लिहिलें, तर आजारी मुलास आपण शून्य गुण दिले असें होतें. भाषेचा नियम दोन्ही ठिकाणीं एकच. न्याय मात्र एके ठिकाणीं होतो, दुसऱ्या ठिकाणीं अन्याय. रिकाम्या जागेचा अर्थ काय, हें संगणकास कधींच ठाऊक नसतें. तें क्वेरी लिहिणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें.

आणखी एक सांपळा सांगणें अवश्य आहे. ज्यांची फी आली नाहीं त्यांची यादी काढावयाची आहे. म्हणून 'ज्यांचा क्रमांक पावत्यांत नाहीं ते' या अर्थानें 'नॉट इन' वापरलें. एका पावतीवर क्रमांक लिहावयाचा राहून गेला होता. तेवढ्या एका नलामुळें यादी सर्वस्वी रिकामी येते! क्रमांक ५ हा १ नव्हे, २ नव्हे, हें खरें. पण तो त्या अज्ञात क्रमांकाहून निराळा आहे काय? सांगतां येत नाहीं. म्हणून तोही वगळला जातो. कचेरीस वाटतें, सर्वांची फी आली. अशा ठिकाणीं 'नॉट एक्झिस्ट्स' वापरावें. तेथें जुळणारी ओळ आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें, आणि नलाची बाधा होत नाहीं.

या नलाविषयीं जाणत्यांतही मतभेद आहेत. कॉड यांचे सहकारी सी. जे. डेट यांनीं नल वापरूंच नये असा पक्ष मांडला. कॉड यांनीं उलट १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत दोन निराळ्या खुणा असाव्या असें सुचविलें : एक, मूल्य आहे पण ठाऊक नाहीं, दुसरी, तें मूल्य येथें लागूंच पडत नाहीं. जो मुलगा पायीं शाळेंत येतो त्याच्या बसचा क्रमांक कोणीं कितीही शोधला तरी सांपडणार नाहीं. परंतु ज्याची जन्मतारीख कोरी आहे, त्याला जन्मतारीख निश्चित आहे, ती शोधलीच पाहिजे. प्रचलित एस. क्यू. एल. मध्यें या दोहोंस एकच नल आहे. म्हणून हा भेद मनुष्यानें आपल्या विवेकानें राखावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, क्वेरी लिहून उत्तर आलें म्हणजे आनंदून जाऊं नका. आधीं ओळी मोजा. वर्गांत पांच असतां उत्तरांत चार आले, तर पांचवा कोठें गेला हें विचारल्यावांचून उठूं नका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, कोणताही अर्ज भरतांना ठाऊक नसलेल्या गोष्टीच्या जागीं शून्य किंवा मनास येईल तो आंकडा घालूं नये. जें लागूं नाहीं तेथें 'लागू नाहीं' असें स्पष्ट लिहावें, आणि जें राहिलें तें मागाहून आठवणीनें कळवावें. कोष्टकांतून जे गळतात ते बहुधा तेच असतात ज्यांची नोंद मुळांतच अपुरी असते : उशिरां आलेला, आजारी पडलेला, फी भरूं न शकलेला. मदतीची यादी ज्यांच्यासाठीं करावयाची, तेच तींतून सुटले, तर ती यादी कितीही सुबक असली तरी काय उपयोगाची?