मिस्टर व्हाईटचा विद्यार्थी

यंदाच्या गुरुपौर्णिमेला कुणीतरी एक रील पाठवलं. मेथ बनवणारा रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर व्हाईट आणि त्याचा जुना विद्यार्थी व साथीदार जेसी पिंकमन, अंगात पिवळे सूट, मागे दणदणीत संगीत, वर अक्षरं : गुरू असावा तर असा. ‘ब्रेकिंग बॅड’ संपून दशक उलटलं आणि तिच्यातून लोकांनी हे उचललं, याचा मला फार राग आला.

आधीच्या गुन्हेमालिकांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. आपल्याकडे १९९८ पासून ‘सीआयडी’ होती. एक प्रकरण मिटलं की पाटी कोरी. अमेरिकेत १९९९ मध्ये ‘द सोप्रानोज’ने वाट मोकळी केली, तो मान तिचाच. माझा काळ मात्र २० जानेवारी २००८ ला एएमसी वाहिनीवर ‘ब्रेकिंग बॅड’सोबत सुरू झाला. नेटफ्लिक्स भारतात यायला २०१६ उजाडलं. तोवर पेनड्राइव्हवर हाती लागेल तसा भाग बघायचा आणि पुढचा मिळेपर्यंत वाद घालायचा.

जेसीला पहिल्याच पर्वात मारून टाकायचा मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगनचा बेत होता. जेसी साकारणाऱ्या आरन पॉलचं काम बघून त्याने तो बदलला. त्याच पर्वात जेसीला आईवडिलांच्या घरी शाळेतला रसायनशास्त्राचा जुना पेपर सापडतो. नापास, आणि व्हाईट सरांच्या अक्षरात खरमरीत शेरा. पुढची सगळी पर्वं त्या कागदावर होती. हा मुलगा शाबासकीसाठी आसुसलेला राहणार आणि हा मास्तर ती मोजूनमापून, स्वतःच्या गरजेपुरतीच देणार. पुढे, वॉल्टरची जागा घेऊ शकणाऱ्या गेलच्या दारात जेसी थरथरत्या हाताने पिस्तूल धरून उभा राहतो, तोही सरांचा जीव वाचवायला. तरी शेवटपर्यंत त्याच्या तोंडी ‘मिस्टर व्हाईट’च.

दुसऱ्या पर्वातलं तरण तलावावर तरंगणारं गुलाबी अस्वल सगळ्यांना आठवतं. चार भागांची नावं जोडली की विमान कोसळल्याची बातमी तयार होते, हेही लोक कौतुकाने सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. वॉल्टर तान्ह्या मुलीला पाळण्यात कुशीवर निजवतो, पाठीशी टॉवेलची गुंडाळी लावतो. दूध उलटलं तर घशात अडकू नये म्हणून. त्याच भागात जेसीच्या शेजारी त्याची मैत्रीण जेन उताणी पडून उलटीने गुदमरते. वॉल्टर पुढे होतो, थांबतो, बघत राहतो. काय करायला हवं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि लेखकांनी त्याचा पुरावा आधीच आपल्या हातात दिला होता.

तरीही तेव्हा आमच्यातले कितीतरी जण वॉल्टरच्या बायकोला, स्कायलरला शिव्या घालत होते. नवऱ्याच्या आड येते म्हणून! जगभर हेच चाललं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये स्कायलर साकारणाऱ्या अ‍ॅना गनला या द्वेषावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहावा लागला. घरातलं विष जिने सर्वांत आधी ओळखलं, तिलाच खलनायिका ठरवणाऱ्यांशी माझं भांडण आजही मिटलेलं नाही.

खरा गुरू त्या मालिकेत होता, पण तो कधी पडद्यावर आला नाही. २०१० मधल्या एका भागात जेसी व्यसनमुक्तीच्या बैठकीत शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांबद्दल बोलतो. त्याने उरकून टाकलेली पेटी बघून त्यांनी एवढंच विचारलं : याहून चांगलं जमणार नाही का तुला? मग तो ती पुन्हा पुन्हा करत राहिला, मनासारखी होईपर्यंत. ती पेटी त्याने गांजासाठी देऊन टाकली. पुढे वॉल्टरने त्याला ज्या गुंडांच्या हवाली केलं, त्यांनी साखळीला बांधून मेथ बनवायला जुंपलं, आणि २९ सप्टेंबर २०१३ च्या शेवटच्या भागात बेड्यांतला जेसी मनातल्या मनात तीच पेटी घासताना दिसला. मधल्या तीन वर्षांत कुणी तिची आठवण करून दिली नव्हती. प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर एवढा भरवसा टाकणारे लेखक मला आता भेटत नाहीत. हल्ली अख्खं पर्व एका दिवसात अंगावर येतं, बघणाऱ्याची नजर फोनवर, म्हणून पात्रंच आपण काय करतोय ते बोलून दाखवतात. जेसीच्या नंतरच्या मैत्रिणीच्या मुलावर, ब्रॉकवर, कुणी विषप्रयोग केला हे वॉल्टरच्या अंगणातल्या विषारी झाडाच्या कुंडीवर कॅमेरा नेऊन एकाही संवादाविना सांगितलं होतं. आज तिथे दोन मिनिटांचा खुलासा आला असता.

त्याच शेवटच्या भागात वॉल्टर जेसीला सांगतो, मला गोळी घाल. हीसुद्धा आज्ञाच. जेसी पिस्तूल टाकतो, तुझं तू कर म्हणतो आणि निघून जातो.