उशीर आणि ताबा

चिंचणीच्या शेजारी, तारापूरला, देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच वर्षी फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या एफ. सँगस्टर आणि के. टीर यांनी एका नव्या सर्किटाचा शोधनिबंध छापला. विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात सरकवत न्यायचा आणि आवाज काही क्षण उशिरा बाहेर काढायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे अशाच चिप्सवर प्रतिध्वनीची छोटी यंत्रं तयार झाली. संगीतवाले त्यांना ‘डिले’ म्हणतात. अणुभट्टी आणि डिले यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण दोन्हींच्या पोटात एकच गणित चालतं. त्या गणितावर उभा राहिलेला संगीतप्रकार म्हणजे डब टेक्नो.

त्याचं मूळ जमैकात आहे. किंग्स्टन शहरात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे ऑसबर्न रुडॉक, म्हणजेच किंग टबी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित गाण्यांचे ट्रॅक मिक्सरवर सुटे करून पुन्हा मांडू लागले. गायकाचा आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बेस ठेवायचे, एखादाच शब्द किंवा गिटारचा एखादाच फटका प्रतिध्वनीत सोडायचा. त्यांच्या हातात मिक्सर हेच वाद्य झालं. या रीतीला ‘डब’ म्हणतात. १९९३च्या सुमारास बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस यांनी ‘बेसिक चॅनल’ या नावाने हीच रीत टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या सरळ ठेक्यावर आणली.

या संगीताला लागणारं सामान थोडं असतं: सॅम्पलर, मिक्सर, डिले. सॅम्पलरमध्ये एकच कॉर्ड भरायची, बहुधा मायनर. कीबोर्डची दुसरी पट्टी दाबली की सॅम्पलर तीच नोंद जलद किंवा सावकाश वाचतो. त्यामुळे कॉर्डमधले सगळे स्वर एकमेकांतलं अंतर तसंच राखून एकदम वर-खाली सरकतात. बोटांनी कॉर्ड वाजवताना वादक सहसा असं करत नाही, म्हणून हा आवाज चटकन ओळखू येतो. १९८८चा अकाई एस९५० हा सॅम्पलर १२ बिटांचा होता. तो आवाजाची पातळी ४,०९६ पायऱ्यांत मोजायचा. सीडीच्या १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात. जुन्या यंत्राचा तो खडबडीतपणा अनेकांना आजही हवासा वाटतो.

मग ही कॉर्ड डिलेकडे पाठवायची. ठेका मिनिटाला १२५ मात्रांचा धरला तर एक मात्रा ०.४८ सेकंदाची होते. डिले लावायचा पाऊण मात्रेवर, म्हणजे ०.३६ सेकंदावर. पडसाद मात्रांच्या मधल्या जागांत पडत जातात आणि चौथा पडसाद बरोबर तीन मात्रांनंतर येऊन ठेक्याला मिळतो. वाजवलेली कॉर्ड एकच असते, पण ऐकणाऱ्याला दोन लयी एकमेकींतून विणलेल्या ऐकू येतात.

खरी कामगिरी मिक्सरवर होते. डिलेतून परत येणारा आवाज एका स्वतंत्र चॅनलवर घ्यायचा आणि त्या चॅनलचा ऑक्स सेंड, म्हणजे आवाजाचा काही भाग डिलेकडे पाठवणारा नॉब, किंचित उघडायचा. आवाज पुन्हा डिलेकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो. त्या चॅनलचा इक्वलायझर आता प्रत्येक फेरीत लागू होतो. ट्रेबल फेरीला २ डेसिबलने कमी केली, तर दहाव्या पडसादापर्यंत ती २० डेसिबलने उतरते. म्हणून डब टेक्नोतला पडसाद विरताना अंधारत जातो.

डिले ०.३६ सेकंदावरच ठेवला तर किती वेळात विरायचं, ते एकाच आकड्यावर ठरतं: एका फेरीनंतर आवाज आधीच्या किती पट उरला? हा गुणक ०.७ असेल तर पडसाद ६० डेसिबलने खाली जायला सुमारे ७ सेकंद लागतात. ०.९ असेल तर सुमारे २४ सेकंद. ०.९९ असेल तर चार मिनिटांहून जास्त. एकच्या जवळ जाताना नॉब केसभर फिरवला तरी काळ कित्येक पटींनी लांबतो. कलाकाराचा हात नेमका याच पट्ट्यात खेळत असतो.

एकच्या पलीकडे आवाज फेरीगणिक वाढतो. मांडवात माइक स्पीकरसमोर आला की जी कर्कश शिट्टी बसते, ती हीच. स्पीकर साडेतीन मीटरवर असेल तर ध्वनीला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. गुणक १.१ असेल तर सेकंदात शंभर फेऱ्या होऊन आवाज १३ हजार पटींहून मोठा व्हायला बघतो. हात नॉबपर्यंत पोहोचण्याआधीच अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेला भिडतो. आता तोच १.१ गुणक ०.३६ सेकंदाच्या डिलेला लावा. सेकंदात तीन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत आणि आवाज वाढतो जेमतेम ३० टक्क्यांनी. तो वाढताना ऐकायला, त्याचा आनंद घ्यायला आणि वेळेवर खाली आणायला माणसाला सवड मिळते. गुणक बदललेला नाही. ही सवड केवळ उशिराने दिलेली आहे.

आता तारापूरकडे वळू. अणुभट्टीत एक न्यूट्रॉन युरेनियमचं केंद्रक फोडतो, त्यातून नवे न्यूट्रॉन निघतात आणि ते पुढची केंद्रकं फोडतात. न्यूट्रॉनांच्या एका पिढीतून पुढची पिढी किती पट होते, हा इथला गुणक. वीज स्थिर हवी तर तो बरोबर १ ठेवावा लागतो. एका पिढीला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो असं धरलं आणि गुणक १.००१ झाला, तर सेकंदभरात न्यूट्रॉन सुमारे २२ हजार पट होतील. कोणतीही नियंत्रक कांडी इतक्या वेगाने हलवता येणार नाही.

तरीही भट्टी ताब्यात राहते, कारण युरेनियम-२३५च्या विखंडनातून निघणाऱ्या दर हजार न्यूट्रॉनांपैकी साधारण साडेसहा उशिरा येतात: काही सेकंदाच्या अंशाने, काही तर मिनिटभराने. गुणक एकच्या अगदी जवळ राखला की हेच मोजके उशिरा येणारे न्यूट्रॉन संपूर्ण भट्टीची चाल ठरवतात. पिढीचा सरासरी काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जातो आणि मघाची २२ हजार पट वाढ सेकंदाला सुमारे एका टक्क्यावर येते.

साम्य आणखी पुढे जातं. टेपवर किंवा अ‍ॅनालॉग सर्किटात आवाज फार मोठा झाला की तो दबतो आणि गुणक आपोआप उतरतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. तिथे उष्णता वाढली की पाण्यात वाफेचे बुडबुडे वाढतात, न्यूट्रॉनांचा वेग पुरेसा उतरत नाही आणि गुणक घसरतो. अर्थात हे साम्य गणितापुरतंच. मिक्सरवर हात चुकला तर फार तर कान आणि स्पीकर दुखावतील. भट्टीभोवती सुरक्षेचे अनेक थर लागतात, आणि ते लागलेच पाहिजेत.

अशी इलेक्ट्रॉनिक संगीतयंत्रं आपल्याला परकी नाहीत. १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर एका तबकडीसाठी दहा राग वाजवले. जगाने तिची खरी दखल २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर घेतली. एकच सुरावट फिरत ठेवून तिच्यातला बारीक बदल ऐकणं तर पालघर-डहाणूच्या पट्ट्यात मुरलेलंच आहे. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असलेला तारपा श्वास न तोडता वाजत राहतो. त्याच्याभोवती फेर धरलेले नाचणारे चाल बदलली की पाय बदलतात. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांतून तो फेर जगभर पोहोचला.

म्हणून एक आग्रह आहे. चिंचणी, बोईसर, पालघरच्या शाळा-महाविद्यालयांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक लहान मिक्सर आणि एक डिले ठेवावा. अणुभट्टी वर्गात आणता येत नाही, डिले आणता येतो. आवाज बेताचा ठेवून तारप्याचा एकच स्वर त्यात सोडावा, प्रत्येक पडसादाची डेसिबल पातळी मोजावी आणि आलेखावर मांडावी. गुणक एकपेक्षा कमी असेल तर रेघ उतरेल, एक असेल तर आडवी राहील, जास्त असेल तर चढेल. रेघेच्या उतारावरून मुलांना गुणक स्वतः काढता येईल. आपल्या गावाशेजारच्या केंद्रात कोणता आकडा जपला जातो आणि उशिरा येणाऱ्या थोड्याशा न्यूट्रॉनांना तिथे एवढं मोल का आहे, हे त्यांना कानांनी कळेल. या परिसरातल्या प्रत्येक मुलाला ते कळायला हवं.