असमानतेचं गणित: चिन्ह कुठे उलटतं, तेवढं सांभाळा

एमएचटी-सीईटी असो की एनडीए, बीजगणितातली असमानता, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘इनइक्वॅलिटी’, आली की चांगली तयारी केलेली मुलंही चुकतात. गणित कच्चं असतं असं नाही. समीकरण सोडवायची सवय हाताला लागलेली असते आणि तीच इथे दगा देते. म्हणून नेहमीच्या तीन चुका आणि एक सोपी तपासणी आम्ही इथे देत आहोत.

१. ऋण संख्येने भागणं
५ − २क्ष > ११. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले की −२क्ष > ६. इथपर्यंत चिन्ह तेच राहतं. आता −२ ने भागलं की चिन्ह उलटतं: क्ष < −३. कारण साधं आहे. २ हा ५ पेक्षा लहान, पण −२ हा −५ पेक्षा मोठा.
नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी वजा पद दोन्ही बाजूंना मिळवून भरून काढण्याला ‘अल-जब्र’ म्हटलं. ‘अल्जिब्रा’ हा शब्द तिथूनच आला. ही बेरीज असमानतेतही बिनधोक चालते. सांभाळायचं ते ऋण संख्येने गुणताना आणि भागताना.

२. वर्गमूळ घेणं
क्ष² < ९ दिसलं की मुलं क्ष < ३ लिहून मोकळी होतात. पण क्ष = −५ घेतलं तर वर्ग २५ येतो. बरोबर उत्तर: −३ < क्ष < ३.

३. छेदात क्ष असणं
१/क्ष > २ मध्ये थेट क्ष ने गुणलं तर क्ष < १/२ येतं. पण क्ष ऋण असेल तर? −१ घालून बघा: −१ > २ हे खोटं. बरोबर उत्तर: ० < क्ष < १/२.

तपासणी
असं चुकीचं उत्तर बहुतेक वेळा पर्यायांत हजर असतं. म्हणून असा आकडा निवडा, जो एका पर्यायात बसतो आणि दुसऱ्यात बसत नाही. तो मूळ प्रश्नात घाला. खोटं ठरलं, तर ज्यात तो बसतो तो पर्याय बाद. ०, १ आणि एखादी ऋण संख्या आधी घ्यावी.

एनडीएच्या गणितात १५० मिनिटांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला २.५ गुण मिळतात आणि चुकलं तर ०.८३ कापले जातात. तिथे ही दहा सेकंदांची तपासणी कामी येते. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

अम्मी-अब्बूंना बीजगणित येत नसलं तरी हरकत नाही. मुलाने उत्तर काढलं की एवढंच म्हणा, “बेटा, एक आकडा घालून दाखव.” ही सवय घरीच लागली, तर परीक्षेत ती आपोआप आठवते.