पाहुण्याला डिस्क सापडेना

आपल्या मंडळाचे जुने अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेत. आजच्या लॅपटॉपवर उघडले की नुसती चिन्हं दिसतात. ते नीट दाखवणारी विंडोज एक्सपी आता एका डिस्क-फाइलमध्येच उरलीय. ती चालवायला व्हर्च्युअल मशीन लागते, म्हणजे संगणकाच्या आतला संगणक. आतल्या सिस्टिमला ‘गेस्ट’ म्हणतात, पाहुणा!

मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती फाइल लावली, तर निळी स्क्रीन. कोडच्या शेवटी ७बी. पोटात गोळाच आला. अंक गेले की काय?

गेले नव्हते. या कोडचा अर्थ असा, की विंडोज सुरू होतेय, पण तिला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. चूक माझीच. मशीन बनवताना मी प्रकार ‘विंडोज १०’ निवडला, म्हणून डिस्क साटा कंट्रोलरला जोडली गेली. २००१ च्या एक्सपीत त्याचा ड्रायव्हर नसतो. तिला जुना आयडीई लागतो.

तुमच्याकडे असं झालं तर मशीन बंद करा. डिस्क-फाइलची कॉपी बाजूला ठेवा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन डिस्क साटावरून काढा आणि आयडीईखाली जोडा. घाबरून एक्सपी पुन्हा इन्स्टॉल मात्र करू नका; फॉन्ट आणि अंक त्याच डिस्कवर असतात.

एक्सपी उघडली. पहिलीच कविता नीट वाचता आली, वेलांट्यांसकट.