एका पायावरची कोजागरी

"काका, चंद्राकडे नका बघू. पडाल."

कोजागरीची रात्र, पुण्यातल्या एका शाळेचं पटांगण आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच योगासनं करायला आलेला मी. आधी तासभर आसनं, मग मसाला दूध, असा बेत होता. खरं सांगायचं तर मी दुधासाठी आलो होतो. वृक्षासनाची पाळी आली. डावा पाय जमिनीवर, उजवा तळपाय डाव्या मांडीला टेकवलेला, हात डोक्यावर जोडलेले. "नजर एका जागी ठेवा," असं शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या आणि मी समोर दिसणारी सर्वांत ठळक, सर्वांत स्थिर वस्तू निवडली. लगेच झोकांड्या खायला लागलो. ताईंनी कोपऱ्यातली एक वीट उचलून माझ्यापुढे दोन हातांवर ठेवली. "हिच्याकडे बघा." आणि काय आश्चर्य, मी बराच सावरलो.

चंद्राला जे जमलं नाही, ते विटेला कसं जमलं? घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

उभा माणूस कधीच पुरता स्थिर नसतो. घोट्यांवर तो सतत किंचित डुलत असतो आणि प्रत्येक वेळी पोटऱ्या, मांड्या त्याला ओढून परत आणतात. आपण डुललो हे डोळ्यांना कळतं ते समोरची वस्तू सरकल्यासारखी दिसते म्हणून. डोकं 1 सेंटिमीटर बाजूला गेलं, तर 1 मीटरवरची वीट साधारण अर्ध्या अंशाने सरकलेली दिसते. अर्धा अंश म्हणजे आभाळात दिसणाऱ्या चंद्राची रुंदी. म्हणजे सेंटिमीटरभर तोल गेला, की वीट मला एका अख्ख्या चंद्राएवढा इशारा देत होती. खुद्द चंद्र मात्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर. मी सेंटिमीटरभर डुललो काय किंवा पटांगणाला फेरी मारून आलो काय, तो जिथल्या तिथे. लहानपणी एसटीच्या खिडकीतून बघताना झाडं मागे पळायची आणि चांदोमामा आपल्यासोबत यायचा, ते याचमुळे.

त्या रात्री डोळ्यांची आणखी एक अडचण होती. पौर्णिमेचा उजेड कितीही लख्ख वाटला, तरी तो उन्हाचा जेमतेम 4 लाखावा भाग असतो. चंद्राची जमीन जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. पडलेल्या उन्हातला आठवा हिस्सासुद्धा ती परत फेकत नाही. इतक्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी जवळजवळ हात टेकतात. एका डोळ्यात त्या साठेक लाख असतात. मग काम येतं सुमारे 12 कोटी दंडाकार पेशींवर. त्यांना अंधुक उजेड पुरतो, पण रंग कळत नाहीत. म्हणूनच ती वीट मला लाल नाही, राखाडी दिसत होती. या पेशी अंधाराला पुरत्या सरावायला अर्धा तास तरी घेतात. आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांनी चंद्राचा फोटो काढायला मोबाइल उघडला आणि त्यांची अर्ध्या तासाची कमाई त्या पडद्याच्या उजेडात क्षणात गेली.

कोजागरी हे नाव 'को जागर्ति' यावरून आलं. कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी या रात्री फिरते म्हणतात. डोळे असे अर्धवट पेंगलेले असताना मला एका पायावर उभं कोण ठेवत होतं? जागं कोण होतं?

पहिले जागल्ये कानात. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या. डोकं वळलं, की त्यांतला द्रव किंचित मागे राहतो आणि तिथले सूक्ष्म केस वाकतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कललं, की हे कण त्या बाजूला घसरू पाहतात आणि खाली कुठे आहे हे मेंदूला कळतं. आपली शहाबादी फरशी मुख्यतः याच द्रव्याची. म्हणजे वाड्यातली फरशी पायाखाली आणि तिचेच जणू दाणे कानात! हे दाणे जागा सोडून नलिकेत शिरले, की कूस बदलतानाही घर गरगर फिरतं.

दुसरे जागल्ये स्नायूंत, सांध्यांत आणि तळपायाच्या कातडीत. डोळे मिटूनही बोट नाकाच्या शेंड्याला नेमकं लागतं, ते स्नायू किती ताणलाय आणि सांधा किती वळलाय याची खबर आत सतत जात असते म्हणून. पंचेंद्रियांच्या यादीत या संवेदनेला जागा नाही. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1906 साली तिला स्वतंत्र नाव दिलं. ताईंनी आम्हाला चटईवरून खाली उतरवून मातीवर उभं केलं, त्यामागे हेच होतं. मऊ चटईवर तळव्याला दाब नीट कळत नाही. घट्ट जमीन स्पष्ट बोलते.

मग ताई म्हणाल्या, "आता डोळे मिटा." दोन सेकंदांत माझा पाय खाली. सगळी रांगच ढेपाळली. मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन वैद्याने 19व्या शतकात हेच हेरलं होतं. मज्जारज्जूच्या विकाराने ज्यांच्या पायांची आतली खबर बंद पडली आहे, ते रुग्ण उघड्या डोळ्यांनी उभे राहतात, पण डोळे मिटले की कोसळतात. पाय जुळवून डोळे मिटायला सांगायची त्याच्या नावाची चाचणी डॉक्टर आजही करतात.

पुढचा प्रकार मला जादूच वाटला. "शेजाऱ्याच्या खांद्याला एक बोट नुसतं लावा. रेलू नका." मी बोट टेकवलं आणि मिटल्या डोळ्यांनी उभा राहिलो! इतक्या हलक्या स्पर्शाने वजन पेलणं शक्यच नाही. पण आपण कुठल्या बाजूला किती सरकलो, ही बातमी बोटाच्या टोकाला पुरते. तोल सावरायला दर वेळी आधारच लागतो असं नाही. पुष्कळदा खबर पुरते.

एका पायावर उभं राहण्याचं हे वेड जुनं आहे. महाबलीपुरमच्या 7व्या शतकातल्या प्रचंड शिल्पात एक तपस्वी हात वर करून एका पायावर उभा आहे आणि खाली एक मांजरही तसंच, मागच्या पायांवर, तपाला उभं आहे. भोवती उंदीर. माझी जात त्या मांजराची. आव तपाचा, लक्ष दुधाच्या पातेल्यावर.

शेवटी शवासन. पाठीखाली दवाने ओलसर झालेली चटई, वर चंद्र, वडाच्या एका फांदीला टेकलेला. बघता बघता तो फांदीआड गेला. सुमारे दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीइतका सरकतो; खरं तर सरकत असतो तो आपण. पुण्याची जमीन त्या क्षणी मला ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेत होती आणि कानातल्या जागल्यांना पत्ता नव्हता. त्यांना वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. पृथ्वीची फिरकी मात्र एकसारखी आणि दिवसाला एकच. माझं सेंटिमीटरभर डुलणं ज्याला दाखवता आलं नाही, त्या चंद्राने अख्ख्या पृथ्वीचं फिरणं दाखवलं.

येत्या पौर्णिमेला गच्चीवर किंवा अंगणात एकदा उभे राहून बघा. कठडा हाताशी असू द्या. चक्कर येत असेल किंवा पायांत बळ कमी असेल, तर दोन्ही पाय जमिनीवरच ठेवा. चंद्र सावकाश, आडवं होऊन बघा. उभे असाल तोवर नजर विटेवर.