एका हातात किती साखळ्या?

सार्वजनिक उद्यान ही सर्वांची जागा असते आणि म्हणूनच ती भांडणाचीही जागा असते. बाकावर वृत्तपत्र वाचणारे वृद्ध, चेंडूमागे धावणारी मुले, बाबागाडी ढकलणारी माता आणि कुत्र्याला फिरवायला निघालेला मालक, या सर्वांचा त्या हिरवळीवर सारखाच हक्क असतो. एका माणसासोबत एक कुत्रे असेल तर सहसा कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पण एकच माणूस आठ-दहा कुत्र्यांचा तांडा घेऊन आत शिरला, की तीच हिरवळ इतरांना अपुरी वाटू लागते. गेल्या वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील मोठ्या शहरांना या तांड्यांसाठी नियम करावे लागले. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक, काहीसा हास्यास्पदही वाटेल. वस्तुतः सामायिक जागेवर एखाद्याने आपला व्यवसाय किती पसरावा आणि त्याला आवर घालताना त्याच्या पोटाचा विचार कोणी करावा, हा जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे.

हा व्यवसाय नव्या नागरी जीवनातून जन्मला. पती-पत्नी दोघेही नोकरीवर जातात, घरात कुत्रे दिवसभर एकटे राहते. वृद्धांना आणि अपंगांना त्याला बाहेर नेणे झेपत नाही. अशा वेळी कुत्री फिरविणारा इसम घरोघर जाऊन ती आपल्या गाडीत घेतो, तासभर उद्यानात हिंडवतो आणि पुन्हा घरी पोहोचवतो. त्याला मोबदला मिळतो तो दर कुत्र्यामागे. चार कुत्री नेली तर चार घरांचे पैसे, आठ नेली तर आठ घरांचे. वेळ मात्र तेवढाच. साहजिकच साखळ्यांची संख्या वाढविण्याकडे त्याचा कल असतो. तंट्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

संख्या का महत्त्वाची?

कुत्रा हा कळपाने वागणारा प्राणी आहे. एक धावले की बाकीची त्याच्या मागे धावतात. एक भुंकले की सगळी भुंकतात. साखळ्या हातात असल्या तर त्या एकमेकींत गुंततात. सोडून दिल्या तर दोन डोळ्यांना आठ दिशा पाहाव्या लागतात. एका कुत्र्याची घाण उचलण्यासाठी माणूस वाकतो तेव्हा उरलेल्या सातांवर कोणाचेच लक्ष नसते. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सहाशेहून अधिक हरणे मोकळी फिरतात. तेथे २०११ साली फेंटन नावाच्या एका कुत्र्याने हरणांचा कळप रस्त्यावर पळवला आणि मागे हाका मारीत धावणाऱ्या मालकाचे चित्रण जगभर पाहिले गेले. लोक हसले. पण ते एकच कुत्रे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा आरोग्याचा आणि जमिनीचा. कुत्र्यांच्या विष्ठेतून टॉक्सोकारा या जंताची अंडी मातीत मिसळतात आणि दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेल्यास क्वचित दृष्टीलाही अपाय होतो. बेल्जियममधील गेंट शहरालगतच्या राखीव निसर्गक्षेत्रांची पाहणी करून संशोधकांनी २०२२ साली असा अंदाज मांडला, की कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जाते. शेतकऱ्याला ही फुकटची खतमात्रा वाटेल. परंतु निकस मातीतच तग धरणाऱ्या रानफुलांना ती मारक ठरते. विष्ठा उचलली गेली तर स्फुरदाचा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि नत्राचा निम्म्याने घटतो, असेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे उचलणारा हात मोकळा आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दोन देश, दोन वाटा

इंग्लंडने प्रथम स्थानिक परिषदांच्या हाती अधिकार दिला. २००५ चा कायदा आणि २००६ चे नियम यांनुसार श्वाननियंत्रण आदेश काढता येऊ लागले. त्यांत पाच प्रकारचे अपराध सांगितले होते. ठरावीक संख्येपेक्षा अधिक कुत्री घेऊन एखाद्या जागेत जाणे हा त्यांपैकी एक. पुढे २०१४ च्या कायद्याने त्यांच्या जागी ‘सार्वजनिक जागा संरक्षण आदेश’ आणले. एखादे वर्तन परिसरातील जीवनाला बाधक आहे, ते वारंवार घडते आणि ते अवाजवी आहे, असे दिसल्यावरच परिषदेला हा आदेश काढता येतो. त्यापूर्वी विचारविनिमय करावा लागतो. आदेशाची मुदत एका वेळी तीन वर्षांहून अधिक नसते आणि बाधित रहिवाशाला सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. लंडनमधील रिचमंड परिषदेने २०१७ साली एका व्यक्तीस चार कुत्र्यांची मर्यादा घातली. व्यावसायिकाला परवाना घेऊन सहापर्यंत मुभा ठेवली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये चारची मर्यादा न्यायालयाने उचलून धरली.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोने निराळी वाट धरली. तेथे २०१३ पासून मोबदला घेऊन चार किंवा अधिक कुत्री फिरविणाऱ्याला नगराचा परवाना घ्यावा लागतो आणि एका वेळी आठांहून अधिक कुत्री नेता येत नाहीत. परवान्यासाठी शिक्षण किंवा अनुभव दाखवावा लागतो, विमा उतरवावा लागतो आणि कुत्री नेण्याच्या वाहनाची तपासणी होते. नगराला लागूनच गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राची भूमी आहे. ती केंद्र शासनाची. तेथे २०१४ मध्ये सहाची मर्यादा आली. म्हणजे रस्ता ओलांडला की कायदेशीर तांडा बेकायदेशीर ठरावा, अशी स्थिती! तेथील किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या, संकटग्रस्त ठरलेल्या स्नोई प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्यासाठी काही भागांत कुत्री साखळीनेच न्यावी लागतात. याच क्षेत्रात कुत्र्यांविषयी सर्वंकष कडक नियम करण्याचा प्रस्ताव २०१६ साली पुढे आला. त्यावर इतका गदारोळ झाला, की २०१७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मर्यादित आणि समजण्याजोगा नियम टिकला. सर्वांगांनी आवळणारा नियम जन्मण्यापूर्वीच गेला.

केवळ आकडा पुरेसा नाही

मर्यादेविरुद्धचे आक्षेपही उडवून लावण्याजोगे नाहीत. आठावरून चारावर आणले तर फिरविणाऱ्याचे उत्पन्न निम्मे होते, किंवा दर दुप्पट होतो. सधन मालक तो देईल; निवृत्तिवेतनावर जगणारी, गुडघ्यांनी हैराण झालेली वृद्धा कदाचित देऊ शकणार नाही. आणि तिचे कुत्रे घरात कोंडले गेले तर ते अधिक चिडखोर होईल, हा तोटा पुन्हा समाजाचाच. दुसरे असे, की एका परिषदेने बंधन घातले की तांडे शेजारच्या उद्यानात जातात. तेथील लोक मग आपल्या परिषदेकडे धाव घेतात आणि नियम साथीसारखा पसरतो.

शिवाय आकडा सर्व काही सांगत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात एकाच वेळी आठ कुत्री घेऊन गेलेल्या तरुणीचा हल्ल्यात अंत झाला. चौकशीत मात्र बोट गेले ते तिच्या स्वतःच्याच एका दांडग्या कुत्र्याकडे. आठ लहान, शिकवलेली कुत्री एका जाणत्या माणसाच्या हाती सुरक्षित असू शकतात. दोन बेफाम कुत्री अननुभवी हातात घातक ठरतात. म्हणून एक माणूस जेवढ्यांची जबाबदारी खरोखर घेऊ शकतो तेवढ्यांचीच त्याला मुभा, हे तत्त्व धरून चालावे लागते. चार किंवा सहा हा आकडा त्या तत्त्वाचे व्यवहारी रूप होय. त्याच्या जोडीला शिक्षण, परवाना आणि विमा असेल, आणि परवान्याची फी गरिबाला झेपणारी असेल, तरच तो न्याय्य ठरतो. अन्यथा उद्यान स्वच्छ होते, पण त्याची किंमत सर्वांत दुबळा माणूस मोजतो.

महाराष्ट्राने घ्यावयाचा बोध

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून संख्येपर्यंत आलेला नाही. तो ‘आत की बाहेर’ एवढ्यावरच अडला आहे. अनेक उद्यानांच्या दारावर कुत्र्यांना मज्जाव करणारी पाटी असते आणि दाराबाहेरच्या अरुंद पदपथावर मात्र कोणताच नियम नसतो. मुंबई-पुण्याच्या इमारतींतून सकाळी चार-पाच साखळ्या धरून निघणारे पगारी तरुण याच पदपथांवरून चालतात. भारतीय प्राणिकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, उद्यानांत पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी न घालता त्यांच्यासाठी वेळा ठरवाव्यात, असा मध्यम मार्ग सुचविला होता. पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. ती शोधण्याचे कष्ट घेणे हेच नगरशासनाचे काम.

मुंबईला या बाबतीत एक जुनी आठवणही आहे. जून १८३२ मध्ये येथे मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आला. दर कुत्र्यामागे बक्षीस असल्याने शिपायांनी पाळीव कुत्रीही धरल्याची तक्रार झाली. पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद पडली. तो प्रसंग निराळा आणि क्रूर होता. पण त्यातही बिघाड केला तो ‘दर कुत्र्यामागे पैसा’ या हिशेबाने आणि लोकांना न विचारता काढलेल्या हुकुमाने. आज कुत्री मारण्याचा नव्हे, फिरविण्याचा प्रश्न आहे, आणि पैसा तसाच दर कुत्र्यामागे मोजला जातो. तेव्हा नियम करण्यापूर्वी मुलांच्या आया, बाकावरचे वृद्ध आणि साखळ्या धरणारा तो तरुण, या सर्वांना एकाच बैठकीला बोलावावे. त्यांच्यासमोर ठरलेला आकडा कोणताही असो, तो पाळला जाण्याची शक्यता अधिक आहे.