गुडघेदुखीची रील खरी की नुसता दावा? मोबाइलवरच असं तपासा

'गुडघेदुखी 7 दिवसांत कायमची बंद!' अशी रील तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आली असेल. आमच्या जळगावच्या ग्रुपवर आठवड्याला एक तरी येतेच, आणि मावशी-काका मंडळी ती बघून लगेच व्यायामाला लागतात.

यात त्यांची चूक नाही. आयुष्यभर कापूस वेचून, निंदणी करून गुडघे धरलेल्या बाईला यावलहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मोबाइल मात्र हातातच असतो. पण चुकीच्या व्हिडिओमागे दोन-तीन महिने गेले, तर खरा इलाजही तेवढाच लांबतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फिजिओथेरपिस्ट नाही. म्हणून कोणता व्यायाम करायचा ते मी सांगणार नाही. दावा तपासायचा कसा, ते सांगतो. तीन पायऱ्या आहेत आणि एक रुपयाही लागत नाही.

1. दावा तपासा: पेड्रो

पेड्रो हा फक्त फिजिओथेरपीच्या संशोधनाचा मोफत डेटाबेस आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून तो 1999 पासून चालतो. त्यात 60 हजारांहून जास्त नोंदी आहेत. सर्चमध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका. निकालात सगळ्यात वर उपचारांच्या मार्गदर्शक सूचना येतात, मग अनेक चाचण्या एकत्र करून काढलेले आढावे, आणि शेवटी एकेकट्या चाचण्या. वाचायचंही याच क्रमाने.

प्रत्येक चाचणीसमोर 10 पैकी गुण दिसतात. हे गुण 'व्यायाम किती भारी' याचे नाहीत, 'चाचणी किती नीट केली' याचे आहेत. रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले का? मोजमाप करणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते माहीत होतं का? किती जण मध्येच सोडून गेले? असे निकष असतात. 10 पैकी 10 शोधत बसू नका. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, पण व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टपासून व्यायाम लपवणार कसा? त्यामुळे चांगल्या चाचणीचेही एक-दोन गुण जातातच.

गुडघ्याचंच उदाहरण घ्या. झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्यावर व्यायामाचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये 54 चाचण्यांवरून घेतला. 2024 मध्ये तोच आढावा 139 चाचण्यांवरून पुन्हा झाला. निष्कर्ष असा, की व्यायामाने दुखणं कमी होतं, पण सरासरी फरक छोटा आहे आणि तो प्रत्येकाला जाणवेलच असं नाही. म्हणजे व्यायाम बिनकामाचा नाही, पण '7 दिवसांत कायमची बंद' हे यात कुठेच बसत नाही.

2. आपल्याकडची चाचणी बघा: सीटीआरआय

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआरने ती जुलै 2007 मध्ये सुरू केली. एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे नोंद करावी लागते. काय मोजणार, किती जणांवर, किती दिवस, हे सगळं आधीच लिहून द्यायचं. निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका बदलायची सोय नाही! 'आमच्या पद्धतीवर संशोधन झालंय' असं कोणी म्हणालं, तर नोंदणी क्रमांक मागा आणि इथे टाकून बघा.

3. माणूस तपासा

फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बीपीटी. जळगावात डॉ. उल्हास पाटील फिजिओथेरपी कॉलेज आहे, म्हणजे शिकलेली माणसं आपल्या भागातही तयार होतात. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, आणि प्रॅक्टिस करायला तिच्याकडे नोंदणी लागते. देशपातळीवर 2021 चा वेगळा कायदाही आला आहे. तेव्हा क्लिनिकमध्ये गेल्यावर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रील बनवणाऱ्याच्या प्रोफाइलवर पदवी आणि नोंदणी दोन्ही नसेल, तर फॉलोअर लाखभर असले तरी त्याचा उपयोग नाही.

जे व्हिडिओला दिसत नाही

काही ॲप कॅमेऱ्यातून कंबर, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू पकडून गुडघा किती अंशात वाकला ते मोजतात. रोजची प्रगती लिहून ठेवायला हे चांगलं आहे. पण गुडघा गरम लागतोय का, सूज आहे का, दुखणं खरं कमरेतून येतंय का, हे हात लावून, प्रश्न विचारूनच कळतं. गुडघा अचानक सुजला, ताप आला, पायावर भार देता येत नसेल किंवा पाय बधिर पडला, तर कुठलाही व्हिडिओ न बघता थेट डॉक्टरांकडे जा.

तपासणीसाठी एकदा नीट फिजिओथेरपिस्टकडे जाऊन या. ते दाखवतील तो व्यायाम त्यांच्या परवानगीने आपल्याच फोनमध्ये शूट करून घ्या. मावशीला रोज तोच व्हिडिओ लावून द्या. तो तिच्याच गुडघ्यासाठी बनलेला असेल, आणि पुढच्या भेटीपर्यंत दर वेळी गाडीभाडं खर्चायची गरज पडणार नाही.